शब्दांतील चित्र आणि चित्राची चौकट : साने गुरुजी व लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या बालसाहित्याचा तौलनिक विचार

प्रस्तावना

बालसाहित्याच्या समीक्षेत आशय, संस्कार आणि भाषा यांचा विचार जितक्या आस्थेने होतो तितका त्यातील चित्राचा होत नाही. लहान वाचक मात्र पुस्तक आधी पाहतो आणि मग वाचतो. पानावर रेखाटन असेल तर तो ते पाहतो. नसेल तर शब्दांच्या आधारे मनात चित्र काढून घेतो. त्यामुळे ‘सचित्र बालसाहित्य’ या संज्ञेत केवळ छापील रेखाटनांचा विचार करून भागत नाही. शब्दांनी उभे केलेले चित्र, चित्रकाराने काढलेले चित्र आणि पडद्यावर आलेले चित्र अशा तीन पातळ्यांवर हा विचार करावा लागतो.

साने गुरुजींच्या बालसाहित्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. या लेखनाच्या दोन धारा ठळकपणे दिसून येतात. एका धारेने गुरुजींना संस्कारांचे अक्षय भांडार मानले. दुसरीने त्यांच्या लेखनातील भावविवशतेवर आणि अश्रूंच्या अतिरेकावर बोट ठेवले. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिका एका बाबतीत समान आहेत. दोहोंचे लक्ष कथेच्या शेवटी येणाऱ्या बोधावर अथवा अश्रूंवर खिळलेले आहे. त्या अश्रूंपूर्वी गुरुजींनी जे दृश्य उभे केलेले असते, त्याच्या घडणीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गुरुजींचे खरे वाङ्मयीन सामर्थ्य या दृश्यांच्या घडणीत आहे आणि ‘श्यामची आई’च्या अध्यापनात हेच सामर्थ्य हरवत चालले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

या प्रतिपादनासाठी अमेरिकन बालसाहित्यातील अभिजात लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘लिटल हाउस’ मालिकेशी तुलना केली आहे. ही तुलना प्रभावाची नव्हे, साम्य-भेदाची आहे. दोघांचा एकमेकांशी कोणताही संबंध आला नाही. तरीही दोन तारखांचा योग लक्षणीय आहे. ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि वाइल्डर यांचे ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ हे पुस्तकही १९३५ मध्येच प्रसिद्ध झाले. पुढे १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. त्याच वर्षी चित्रकार गार्थ विल्यम्स यांच्या रेखाटनांसह ‘लिटल हाउस’ मालिकेची नवी आवृत्ती निघाली. दोन्ही साहित्यकृतींना मूळ प्रकाशनानंतर अठरा वर्षांनी नवे दृश्यरूप मिळाले. या दृश्यरूपाने मूळ शब्दांचे काय झाले, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच महत्त्वाचा आहे.

दोन बालपणे, दोन आठवणी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, परंतु वैभव ओसरत गेलेले आणि कर्ज वाढत गेलेले. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असा प्रवास त्यांना करावा लागला. १९१७ मध्ये आईचे निधन झाले. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक येथील तुरुंग त्यांनी अनुभवले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’तील आठवणी त्यांनी लिहून काढल्या. ११ जून १९५० रोजी त्यांचे जीवन संपले.

लॉरा इंगल्स यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील अरण्यप्रदेशात झाला. वडील चार्ल्स इंगल्स नव्या जमिनीच्या शोधात कुटुंबासह कॅन्सास, मिनेसोटा, डाकोटा असे सतत स्थलांतर करीत राहिले. टोळधाडीने पिके गेली, थोरली बहीण मेरी हिची दृष्टी गेली, १८८०-८१ चा हिवाळा उपासमारीच्या छायेत काढावा लागला. वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच लॉरा शिक्षिका झाल्या. त्यांचे पहिले पुस्तक, ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’, १९३२ मध्ये निघाले तेव्हा त्यांनी पासष्टी गाठली होती. १९४३ पर्यंत मालिकेची आठ पुस्तके प्रसिद्ध झाली. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोन्ही चरित्रांत दारिद्र्य आहे, कुटुंबाची घट्ट वीण आहे आणि शिक्षकाचा पेशा आहे. याहून महत्त्वाचे साम्य असे की, दोघांनीही आपले बालपण ते ज्या जगात घडले त्या जगापासून दूर गेल्यावर लिहिले. वाइल्डर मिसुरीतील आपल्या शेतघरात बसून हरवलेल्या माळरानांविषयी लिहीत होत्या. गुरुजी नाशिकच्या कोठडीत बसून पालगडचे अंगण, तुळस, नदी आणि गोठा आठवीत होते. जे डोळ्यांसमोर नाही ते शब्दांनी डोळ्यांसमोर आणणे ही दोघांचीही गरज होती. या लेखनातील चित्रमयतेचा उगम या गरजेत शोधावा लागतो.

निवेदकाची योजना

आत्मकथनाला बालसाहित्याचे रूप देताना दोघांनीही स्वतःला थोडे बाजूला केले. वाइल्डर यांनी १९३० च्या सुमारास ‘पायोनिअर गर्ल’ या नावाने प्रथमपुरुषी आठवणी लिहिल्या होत्या. त्या वेळी त्यांना प्रकाशक मिळाला नाही. ते लेखन सटीप स्वरूपात २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच आठवणी त्यांनी पुढे मुलांसाठी पुन्हा लिहिल्या तेव्हा ‘मी’ जाऊन ‘लॉरा’ आली. या पुनर्लेखनात त्यांची कन्या रोझ वाइल्डर लेन यांचा संपादकीय सहभाग मोठा होता. लेखिका आपल्याच बालपणाकडे दुरून पाहू लागली आणि पाहण्याला महत्त्व आले.

गुरुजींची योजना अधिक गुंतागुंतीची आहे. ‘श्यामची आई’मध्ये प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. एकूण बेचाळीस रात्री. आश्रमातील प्रार्थनेनंतर श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. आठवणीत ‘मी’ असतो, परंतु तो ‘मी’ श्यामचा असतो. आणि श्यामला ऐकणारी मंडळी कथेतच उपस्थित असतात. ती प्रश्न विचारतात, गहिवरतात, दुसऱ्या दिवसाची वाट पाहतात. वाइल्डर यांचे लेखन वाचकाला उद्देशून आहे. गुरुजींचे श्रोत्याला उद्देशून. हा भेद चित्राच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. वाचकाला मागचे पान उलटून पुन्हा पाहता येते. श्रोत्याला ती सोय नसते. रात्रीच्या अंधारात ऐकणाऱ्यासमोर लांबलचक वर्णन टिकत नाही. एकच ठसठशीत कृती टिकते. गुरुजींच्या शब्दचित्रांची जात या श्राव्य बैठकीने ठरविली आहे.

वस्तूचे चित्र आणि कृतीचे चित्र

वाइल्डर यांचे गद्य वस्तूंनी आणि प्रक्रियांनी भरलेले आहे. हरणाचे मांस धुरी देऊन कसे टिकवावे, लोणी घुसळताना त्यास गाजराच्या रसाने रंग कसा आणावा, लोखंडी खिळ्यांशिवाय लाकडी खुंट्या ठोकून घराचे दार कसे तयार करावे, हे त्या क्रमवार सांगतात. दार तयार होते, बंद होते, कडीची चामडी दोरी आत ओढली जाते आणि घरातील माणसे सुरक्षित होतात. सुरक्षिततेविषयी वेगळे वाक्य लिहिण्याची गरज उरत नाही. वस्तूचे चित्र हाच तेथे अर्थ आहे.

गुरुजींच्या लेखनातही प्रक्रियांची वर्णने आहेत. ‘पत्रावळ’ या रात्रीत पाने निवडणे, ती चोयीने टाचणे, गोलाई साधणे यांचे बारकावे येतात. तथापि त्यांचे प्रभावी चित्र वस्तूचे नसून हालचालीचे असते. ‘थोर अश्रू’ या रात्रीतील प्रसंग पाहावा. अंघोळ झालेल्या लहानग्या श्यामला ओले तळवे मातीत टेकवायचे नाहीत. तो आईला धोंड्यावर पदर पसरायला सांगतो आणि आई तो पसरते. ओला धोंडा, त्यावर पसरलेला पदर आणि त्यावर उमटणारी दोन लहान पावले. एवढ्याच तीन रेषांत हे चित्र पुरे होते. आईच्या लुगड्याचा रंग सांगितलेला नाही, तिचा चेहरा सांगितलेला नाही. तरीही मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या मनात हे दृश्य स्थिर आहे.

‘श्यामचे पोहणे’ या रात्रीत हीच पद्धत अधिक नाट्यमय रूपात दिसते. पोहायला जायला घाबरणाऱ्या मुलाला आई मारून घराबाहेर काढते. तो पोहून येतो. मग तिला त्याच्या अंगावरचे वळ दिसतात. शिक्षा आणि माया या दोन परस्परविरोधी भावना एकाच पाठीवर एकत्र आणण्याचे काम त्या वळांनी केले आहे. ‘मुकी फुले’मध्ये उमलण्यापूर्वीच खुडलेल्या कळ्या आहेत; ‘अळणी भाजी’मध्ये मीठ नसलेली भाजी निमूटपणे खाणारे वडील आहेत; ‘बंधुप्रेमाची शिकवण’मध्ये खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी शिवून घेतलेला कोट आणि पावसातून चालत येणारा श्याम आहे. ‘अब्रूचे धिंडवडे’ या रात्रीत दृश्याची जागा ध्वनी घेतो. घराच्या जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते आणि तिचा आवाज शाळेत बसलेल्या मुलापर्यंत लाजेच्या रूपाने पोहोचतो.

या सर्व प्रसंगांत एक समान रचनासूत्र दिसून येते. प्रथम एक घरगुती, क्षुल्लक वाटणारी कृती येते. तिच्यात एखादी वस्तू मध्यवर्ती असते. ती वस्तू दोन माणसांमधील नात्याची खूण बनते. आणि त्यानंतर तात्पर्य येते. गुरुजींच्या लेखनावरील आक्षेपांचा रोख या चौथ्या टप्प्यावर आहे, आणि तो निराधार नाही. पदर पसरल्यावर जे वाचकाला उमगलेले असते ते पुढे शब्दांत विस्ताराने सांगितले जाते. तळव्यांइतकेच मनालाही जपावे, हे आईचे बोल प्रसंगाला शोभणारे आहेत. परंतु त्यानंतरचा निवेदकाचा गहिवर चित्रावर पडदा टाकतो. वाइल्डर जेथे थांबतात तेथे गुरुजी थांबत नाहीत. मात्र या दोषामुळे पहिल्या तीन टप्प्यांतील कलात्मक संयम नाकारणे हा समीक्षेचा एकांगीपणा ठरेल. आई दिसते कशी हे बेचाळीस रात्रींत क्वचितच सांगणारा लेखक आपल्या साधनांवर किती ताबा ठेवून होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१९५३ : चित्रकार आणि चित्रपट

‘लिटल हाउस’ पुस्तके प्रारंभापासूनच सचित्र होती. पहिल्या आवृत्तींसाठी हेलन सूएल यांनी रेखाटने केली. पुढील काही पुस्तकांत मिल्ड्रेड बॉयल त्यांच्या सोबतीला होत्या. सूएल यांची शैली सपाट आणि काहीशी अलंकरणात्मक होती. नव्या आवृत्तीसाठी गार्थ विल्यम्स यांची निवड झाली. विल्यम्स यांनी रेखाटनास प्रारंभ करण्यापूर्वी मिसुरीत जाऊन वयोवृद्ध लेखिकेची भेट घेतली, कथेतील स्थळांचा प्रवास केला आणि मिनेसोटातील ज्या ओढ्याकाठच्या दरडीत इंगल्स कुटुंबाचे मातीचे घर होते ती जागाही पाहिली. त्यांच्या मऊ पेन्सिलरेषांनी वाइल्डर यांच्या वस्तुनिष्ठ गद्याला ऊब दिली. त्यानंतर अमेरिकन मुलांच्या मनातील लॉरा ही विल्यम्स यांची लॉरा झाली. पुढे १९७४ ते १९८३ या काळात दूरचित्रवाणी मालिकेने तिला आणखी एक चेहरा दिला.

मराठीत हे कार्य चित्रपटाने केले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’मध्ये वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. चित्रपटाचे मोठेपण निर्विवाद आहे. गुरुजींच्या निधनानंतर तीनच वर्षांत त्याने ही कथा अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत नेली. तथापि वाङ्मयीन दृष्टीने येथे एक मूलभूत बदल घडला. मूळ पुस्तकात आईला चेहरा जवळजवळ नव्हता. ती पदर होती, हात होती, रागावणे आणि जवळ घेणे होती. चेहऱ्याच्या त्या रिकाम्या जागेत प्रत्येक वाचक स्वतःच्या आईला बसवीत असे. चित्रपटाने ती जागा भरून काढली.

विल्यम्स आणि अत्रे यांच्या कार्यात येथे एक महत्त्वाचा भेद संभवतो. वाइल्डर यांच्या शब्दांत वस्तू आधीच पूर्ण होत्या. चित्रकाराने त्यांना रेषा दिल्या. गुरुजींच्या शब्दांत व्यक्तीचे रूप हेतुपूर्वक अपूर्ण ठेवलेले होते; चित्रपटाने त्यास निश्चित रूप दिले. पहिल्या ठिकाणी चित्र शब्दांना पूरक ठरले, दुसऱ्या ठिकाणी त्याने शब्दांचा ताबा घेतला. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये याच कथेवर पुन्हा चित्रपट केला तो कृष्णधवल माध्यमात. सत्तर वर्षांनंतरही या कथेला रंग टाळावेसे वाटावेत, ही बाब अर्थपूर्ण आहे. श्यामचे जग पुन्हा दाखविताना पहिल्या दृश्यरूपाची आठवण पुसता येत नाही, असा तिचा एक अर्थ होतो. दुसरा असा की, गुरुजींच्या शब्दचित्रांना मुळातच रंग नव्हता. प्रकाश आणि छाया एवढेच होते.

चौकटीबाहेरची माणसे

कोणतेही चित्र काढताना काय घ्यावे आणि काय वगळावे हे ठरवावे लागते. अभिजात बालसाहित्याच्या पुनर्वाचनात आज हाच प्रश्न सर्वाधिक कसोटीचा आहे.

वाइल्डर यांच्या कॅन्ससमधील माळरानाचे चित्र सुंदर आहे. परंतु ती जमीन ओसेज या आदिवासी समाजाची होती आणि इंगल्स कुटुंब तेथे अनधिकाराने राहिले होते. पुस्तकाच्या आरंभी त्या प्रदेशात माणसे नसून केवळ इंडियन होते, अशा आशयाचे विधान होते. एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ या अर्थाचा शब्द बदलून ‘वसाहतकार’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला. म्हणजे ज्या वर्षी चित्रे बदलली त्याच वर्षी शब्दही बदलला. अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने १९५४ मध्ये वाइल्डर यांच्या नावे सुरू केलेल्या पुरस्कारातून २०१८ मध्ये त्यांचे नाव काढण्यात आले. त्या निर्णयावर मतभेद झाले. परंतु ‘पुस्तक वाचनातून काढू नये, ते डोळसपणे वाचावे’ हा विचारही त्याच चर्चेतून बळावला.

‘श्यामची आई’मध्ये अशी कसोटी ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीत येते. अस्पृश्य मानलेल्या समाजातील एक वृद्धा रस्त्यात थांबली आहे. लाकडांची मोळी तिला एकटीने डोक्यावर घेता येत नाही. आसपास माणसे आहेत, पण स्पर्शाच्या भीतीने कोणी पुढे होत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते. १९३५ च्या मराठी बालवाचकापुढे हे दृश्य ठेवणे धाडसाचे होते. मात्र चित्राची मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. मदत करून आल्यावर अंघोळ करण्याची रीत आईही सोडत नाही. शिवाय ही वृद्धा कथेत येते ती श्यामच्या आईचे मोठेपण दिसावे म्हणून. ती काय बोलली असती, तिच्या घरी कोण होते, मोळी विकून किती पैसे आले, हे चौकटीत येत नाही. करुणेचा हात दिसतो. ज्याच्याकडे तो पुढे झाला त्याचा चेहरा दिसत नाही. आईला चेहरा न देण्याने तिची व्याप्ती वाढली. वृद्धेला चेहरा न देण्याने ती मात्र निमित्तमात्र राहिली. एकाच तंत्राचे हे दोन परिणाम समीक्षेने वेगळे ओळखले पाहिजेत.

येथे लेखकाचे चरित्र साहित्याच्या मदतीला येते, ते समर्थनासाठी नव्हे तर पुढील दिशा दाखविण्यासाठी. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे महिन्यात दहा दिवसांचे उपोषण केले. मोळी उचलून देणारा श्याम अंघोळ करून घरात गेला होता; गुरुजी मात्र मंदिराचे दार उघडेपर्यंत बाहेर बसून राहिले. बालकथेतील चित्र जेथे अपुरे पडले तेथे लेखकाने आपल्या कृतीने ते पुढे नेले. ‘श्यामची आई’ शिकविताना ही रात्र वगळणे किंवा केवळ समतेचा पाठ म्हणून गौरविणे, दोन्ही अपुरे होय. तिची मर्यादा दाखवून १९४७ पर्यंतचे अंतर विद्यार्थ्यांपुढे ठेवणे हेच उचित ठरेल.

खानदेशाचा वाटा

‘श्यामची आई’तील भूमी कोकणची आहे. त्यामुळे या पुस्तकाच्या निर्मितीतील खानदेशाचा वाटा चरित्रात्मक तपशिलापुरता मर्यादित मानला जातो. वस्तुतः तो निवेदनाच्या घडणीत शोधला पाहिजे. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे गुरुजींनी अमळनेरला मुलांच्या सहवासात काढली. छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांच्या वस्तू नीट लावणे, आजारी मुलाजवळ बसणे हे त्यांचे नित्याचे काम होते. मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालविले आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरवून घेतली. बोलले जाणारे शब्द त्यांची लय न मोडता कागदावर आणण्याचा हा मोठा सराव होता. त्यानंतर वर्षभरातच ‘श्यामची आई’ लिहिली गेली.

म्हणजे आठवणी पालगडच्या, परंतु त्या सांगण्याची रीत तापी-बोरीच्या खोऱ्यात घडलेली. समुद्र न पाहिलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना कोकणातील घर समजावून सांगायचे तर विशेषणांचा उपयोग नाही. कृतीच दाखवावी लागते. परक्या मुलखाचे शब्द न कळले तरी पदर पसरणे कळते, वळ कळतात, दवंडी कळते. गुरुजींच्या चित्रांची सर्वगामिता या श्रोत्यांनी घडविली, असे अनुमान करण्यास पुरेसा आधार आहे. ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीतील छात्रालयाचे विश्व याच अनुभवातून आले. इंग्रजी कादंबरीकर्त्री जॉर्ज इलियट यांच्या ‘सायलस मार्नर’वरून ‘मनूबाबा’ सिद्ध करतानाही परकीय जग मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे उभे करण्याचे हेच कसब त्यांच्या उपयोगी पडले.

या भूमीतील महाविद्यालयांच्या दृष्टीने ही बाब विशेष विचारणीय आहे. दोंडाईचा आणि अमळनेर ही एकाच सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गावे. या परिसरात गुरुजींचे नाव शाळांना, वाचनालयांना, मार्गांना दिलेले आढळते. त्यांच्या नावाचा आदर येथे कमी नाही. परंतु वर्गात ‘श्यामची आई’ शिकविली जाते ती बहुधा तात्पर्याच्या अंगाने. या रात्रीतून कोणता संदेश मिळतो, हा प्रश्न परीक्षेत येतो. या रात्रीत नेमके काय दिसते, हा प्रश्न येत नाही. परिणामी विद्यार्थी संदेश पाठ करतो आणि चित्र विसरतो. मातृभाषा अहिराणी किंवा भिलोरी असणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाण मराठीतील बोधवाक्ये दूरची वाटतात; धोंड्यावर पसरलेला पदर दूरचा वाटत नाही. ज्या श्रोत्यांमुळे हे लेखन चित्रमय झाले त्यांच्याच नातवंडांना ते बोधमय करून शिकवावे, ही विसंगती होय.

समारोप

साने गुरुजी आणि लॉरा इंगल्स वाइल्डर या दोघांनी अभावग्रस्त बालपणातून मुलांसाठी टिकाऊ चित्रे निर्माण केली. वाइल्डर यांची चित्रे वस्तूंची आहेत आणि त्यांना समर्थ चित्रकार लाभला. गुरुजींची चित्रे कृतींची आहेत. ती ऐकण्यासाठी घडली आणि त्यामुळेच त्यांत माणसाचा चेहरा मोकळा राहिला. १९५३ नंतर दोन्हीकडे दृश्यरूपांनी मूळ शब्दांना लोकप्रियता दिली, पण ‘श्यामची आई’च्या बाबतीत त्यांनी वाचकाच्या कल्पनेची जागा काही प्रमाणात घेतली. दोन्ही लेखकांच्या चित्रचौकटीबाहेर काही माणसे राहिली आणि त्यांची दखल घेतल्याशिवाय आजचे वाचन प्रामाणिक ठरणार नाही.

गुरुजींवरील आक्षेप अश्रूंविषयी आहे आणि गुरुजींचा गौरवही अश्रूंविषयीच आहे. समीक्षेने आणि अध्यापनाने आता एक पाऊल मागे येऊन अश्रूंआधीच्या क्षणाकडे पाहावे. वर्गात एखादी रात्र वाचून झाल्यावर मुलांना तात्पर्य न विचारता, जे दिसले ते काढावयास सांगितले तर प्रत्येक वहीत वेगळी आई उमटेल. त्या चित्रांपैकी कोणतेही वनमालांसारखे नसेल, आणि तरीही प्रत्येक चित्र गुरुजींच्या शब्दांशी इमान राखणारे असेल.